भिंतीकडची बाजू

हात धुऊन तिनं नळ बंद केला, टॉवेलकडे वळली आणि तशीच थांबली. पाणी बेसिनमध्येच होतं. साबणाचा फेस त्यावर पांढऱ्या बेटासारखा फिरत होता, जाळीच्या दिशेनं जावं की नाही याचा विचार करत असल्यासारखा. ती बघत राहिली. पाणी खाली उतरत होतं, पण असं, की उतरताना दिसू नये. नजर हलवून परत आणली की कडेची ओल बोटभर रुंद झालेली असायची, एवढंच. बऱ्याच वेळानं आतून एक घुटका घेतल्यासारखा आवाज आला, फेस जाळीवर बसला आणि विझला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ श्वास धरून उभ्या होतो. दिवसभर ती दुसऱ्यांना हेच सांगत असते. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. रुग्णालयाच्या तळघरातल्या एक्स-रेच्या त्या थंड खोलीत, जाड काचेमागून, बावीस वर्षं. लोक निमूटपणे ऐकतात. स्वतःच्या आत काय आहे हे कळायच्या क्षणी माणूस फार आज्ञाधारक होतो.

"जातंय का गं पाणी?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

"जातंय. हळूहळू."

"हळूहळू सगळंच जातं," आई म्हणाली. "त्या दुकानाजवळच्या प्लंबरला सांगितलंय मी. मंगळवारी येतो म्हणाला. न बघताच सांगून मोकळा झाला, खालचं सगळं काढून नवीन बसवू म्हणून."

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत घरातल्या वस्तूंनी कसलाच गाजावाजा केला नव्हता. घड्याळ चालू होतं, खिडकीचा कडी-कोयंडा पूर्वीसारखाच अडखळत होता, आणि आई दोन कप चहा टाकून मग एक कप स्वतःच दोनदा पीत होती. बाबांच्या हाताखालून गेलेलं, त्यांनी कुठं ना कुठं तात्पुरतं म्हणून केलेलं आणि वीस-वीस वर्षं टिकलेलं काहीतरी घरभर होतं, पण ते सगळं मुकाट होतं. हे पहिलंच काहीतरी बिघडलं होतं. ते मंगळवारी कुणीतरी येऊन, न बघता, उपसून टाकणार होतं.

"मी बघते," ती म्हणाली.

"तू?" आई हात पुसत दारात आली. "बघ हो बाई. दुसऱ्यांची हाडं बघतेस, आता नळ्या बघ." मग जरा थांबून, "पण कशानं उघडणार? हत्यारं कुठायत?"

"पेटी गाडीत आहे."

आईनं पदराचं टोक उगाचच दुमडलं, उलगडलं, आणि ती परत आत गेली.

पेटी आठ महिने गाडीत होती. डिकीत, जादाच्या चाकाशेजारी, जुन्या चादरीखाली. वळणावर ती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकायची आणि आत पाने, पकडी एकमेकांवर आपटायच्या. रस्त्यानं जाताना मागे कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटायचं. घरात न्यावी असं तिला कधी वाटलं नाही आणि परत द्यावी असं वाटलं तेव्हा उशीर झाला होता. ती आणायला जिना उतरताना तिला तो दिवस पायरी-पायरीनं आठवत गेला, तिची इच्छा नसताना. दुपारची वेळ होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना शंभरातून सात सात वजा करायला लावले होते, आणि बाबांनी त्र्याण्णवपर्यंत जाऊन, "यापुढं तुम्ही करा, तुम्हाला सराव असेल," असं म्हणून त्यांना हसवलं होतं. डॉक्टर हसले, पण कागदावर त्यांनी काय लिहिलं ते तिनं उलट बाजूनं वाचलं. त्याच महिन्यात दोनदा गॅस उघडा राहिला होता. त्या दुपारी ती न सांगता आली, तर बाथरूमची फरशी पाण्यानं भरलेली, बादली आडवी आणि बाबा बेसिनखाली पाठीवर पडलेले. नुसते पाय बाहेर. आई दाराशी उभी. तिला त्या पायांत काय दिसलं कोण जाणे. ती ओरडली. बास झालं बाबा, म्हणाली. हे आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही, तुम्हाला कळत नाही का, कुठंतरी पडाल, शॉक लागेल, आईनं काय करायचं मग. आणखीही पुष्कळ. ते हळूहळू सरकत बाहेर आले, भिंतीला धरून उठले, आणि तिनं पुढं केलेल्या हातात त्यांनी पाना ठेवला. मुठीकडून, जसा कुणाला सुरी देताना द्यावा. "जपून," ते म्हणाले, "जबडा सैल झालाय त्याचा." तिनं पेटी भरली, उचलली आणि नेली.

त्यानंतर ते खुर्चीत बसले. खुर्चीत बसणं यात वाईट काही नाही, म्हातारी माणसं बसतात. पण त्यांचे हात बसले नाहीत. उजव्या हाताची बोटं मांडीवरून काहीतरी उचलत आणि डाव्या हाताच्या खोबणीत ठेवत राहत. तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवलेले हात. लाकडी खणांतून एकेक अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं, उलटं, आरशातल्यासारखं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. खुर्चीतल्या बाबांच्या हातात खिळे नव्हते, पण ओळी जुळत होत्या. पुढच्या पाच महिन्यांत ते आईला ताई म्हणू लागले, मग काहीच म्हणेनासे झाले. पेटी नेली म्हणून ते खचले, की खचत होते म्हणून पेटी न्यावी लागली? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता. नवऱ्यालाही नाही; तो चांगला माणूस होता, त्यानं लगेच उत्तर दिलं असतं. तिला समजूत नको होती. तिला पुरावा हवा होता. आणि आता पेटी उचलून जिना चढताना तिला वाटलं, त्या दुपारी बाबा बेसिनखाली जे करत होते ते अजून तिथंच आहे. त्यानंतर कुणीही ते उघडलेलं नाही. त्यांनी केलेलं शेवटचं काम. त्यात चूक सापडली तर आपण बरोबर होतो. या विचाराची तिला लाज वाटली. पण तो गेला नाही, त्या पाण्यासारखा राहिला.

तिनं बेसिनखालचे साबण, फिनेल, जुना ब्रश सगळं बाहेर काढलं, फरशीवर जाड टॉवेल अंथरला, बादली सरकवली आणि पाठीवर आडवी झाली. बेसिनचा खालचा भाग कुणी बघायचा म्हणून केलेला नसतो. वरचा गुळगुळीत पांढरेपणा तिथं संपतो, आणि खाली खरबरीत, पिवळसर, न भाजलेल्या मातीसारखं काहीतरी असतं. मधोमध बाटली लोंबत होती. पाणी आधी त्या बाटलीत पडतं, तिथं थोडं थांबतं, आणि मग मागच्या आडव्या नळीतून भिंतीत जातं. बाटलीत ते पाणी मुद्दाम थांबवलेलं असतं, भिंतीच्या पलीकडचा वास इकडे येऊ नये म्हणून, हे तिला बाबांनीच सांगितलं होतं, ती दहा वर्षांची असताना. "म्हणजे पहारा," ते म्हणाले होते. "वाटीभर पाण्याचा पहारा." तिनं बाटलीच्या बुडाची वाटी धरली. पाना घ्यायच्या आधी हातानं फिरवून बघितली, आणि ती फिरली, तुपात फिरावी तशी. अर्थात फिरणार. प्लास्टिकला हातच पुरे, हे त्यांचं वचन. पाना लागतो तो माणसाचा राग काढायला.

वाटी उतरली, बादलीत करडं पाणी पडलं, आणि तिनं आत बोट घालून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. थोडा बुळबुळीतपणा, बस. आठ महिन्यांचा साधा मळ. त्याआधी कुणीतरी आतून घासून स्वच्छ केलेलं होतं, कडेच्या खाचेपर्यंत. तिला ते बोटाला कळलं, आणि तिनं बोट तिथंच थोडा वेळ ठेवलं. वाचणाऱ्या माणसाला चांगली जुळवलेली ओळ जशी न सांगता कळते तसं. रबराचं चाक नवीन होतं, नीट बसलेलं, त्याला किंचित तेलाचा हात लावलेला. ज्याला शंभरातून सात दोनदा वजा करता येत नाहीत तो माणूस रबराला तेल लावायला विसरला नव्हता. तुंबलंय ते पुढं, आडव्या नळीत, भिंतीच्या तोंडाशी. तिथं जायचं तर बाटलीच्या मागचा मोठा नट सोडवायला हवा. तो बाटली आणि भिंत यांच्यामध्ये, जेमतेम चार बोटं जागेत. हात दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होता, पण डोळा जात नव्हता. मान मोडली तरी नटाची नुसती कड दिसायची.

तिनं खिशातून फोन काढला. नाहीतरी हाच तिचा धंदा. जिथं डोळा जात नाही तिथं दुसरं काहीतरी पाठवायचं आणि ते काय बघून आलं ते आपण निवांत वाचायचं. फोन तिनं हातानं बाटलीमागे सरकवला, भिंतीला पाठ लावून, नटाकडे तोंड करून, आणि अंदाजानं बोट दाबलं. तीन फोटो धूसर आले. चौथा आला. पांढऱ्या नटाच्या भिंतीकडच्या बाजूला लाल रंगानं काहीतरी काढलेलं होतं. तिनं चित्र मोठं केलं. एक वाकडा बाण, वरून डावीकडे वळणारा. त्याच्या शेपटीशी एक अक्षर. ते तिला आधी अक्षर वाटलंच नाही. मग ते 'उ' होतं. उघडण्याचा उ. उलटा काढलेला.

ती फोन छातीवर ठेवून पडून राहिली. फरशीचा गारवा टॉवेलमधून वर येत होता. उलटा उ. छापखान्यात ती पहिल्यांदा गेली तेव्हा सात वर्षांची होती, आणि बाबांनी तिच्या नावातलं पहिलं अक्षर तिच्या तळहातावर ठेवलं होतं, शिशाचं, आकाराच्या मानानं किती जड. हे चुकलंय, ती म्हणाली होती, उलटं आहे. बाबा हसले नव्हते. ते कधी मुलांच्या चुकांना हसत नसत. "अजून छापलं नाही ना, म्हणून," ते म्हणाले. पुढं ती कामाला लागली तेव्हा तिला पहिल्याच दिवशी शिशाची दोन अक्षरं मिळाली. फिल्मच्या कोपऱ्यात ठेवायची, एक डाव्या बाजूसाठी, एक उजव्या. म्हणजे पुढं कुणी कशीही धरून बघितली तरी कुठला हात मोडलाय याचा घोटाळा होत नाही. तिनं घरी येऊन सांगितलं तर बाबांना कोण आनंद! "म्हणजे तूही आमच्यातलीच," ते आईला हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, हिलाही खिळे लावायला लावतात, फक्त हिची ओळ दोनच अक्षरांची!" बावीस वर्षांत तिनं डाव्याचं उजवं कधी केलं नव्हतं. एकदाही नाही. विभागात तिची थट्टा व्हायची त्यावरून. म्हणून तो उ बघताना तिला काय झालंय ते इतकं स्पष्ट दिसलं. सवय उरली होती आणि भान गेलं होतं. हातानं उलटं काढलं, कारण हाताला तेवढंच येत होतं. छापायला कागद नाही, छापखाना बंद होऊनही जमाना झाला, हे हाताला सांगणारा जो कुणी आत असतो तो त्या दुपारी तिथं नव्हता. तर मी बरोबर होते, तिला वाटलं. आणि ज्याची इतके महिने वाट बघितली तो पुरावा हातात आल्यावर तिला काय वाटलं, तर आपल्या हातून काहीतरी पडलं, आणि पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

बाण तरी डावीकडे होता. डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट, हे जगातल्या झाकणांना ठाऊक असतं. तिनं दोन्ही हात वळसा घालून नट धरला आणि डावीकडे फिरवला. हलला नाही. श्वास धरून पुन्हा. नाहीच. मग तिनं पाना घेतला, त्याचा सैल जबडा अंगठ्यानं दाबून धरला, आणि सगळा जोर लावला. टक्. काहीतरी किंचित सरकलं. तिनं आणखी जोर केला, खांद्यापासून. नट आता दगड झाला होता. आठ महिन्यांपूर्वी जो इथं पडून होता त्याच्यावर तिला अचानक राग आला. एवढंही धड लिहून ठेवता आलं नाही! तो राग गेला तेव्हा तिच्या कानात पाणी जात होतं, दोन्ही बाजूंनी, आणि ते नळातलं नव्हतं.

"चहा निवला तुझा," आईचे पाय दारात दिसले. "झालं का?"

"नाही. घट्ट बसलंय."

"यांना तर सुटायचं." आई वाकली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं बेसिनखाली डोकावलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि कपाळावर आठी घातली. "आरसा कुठाय?"

"कसला आरसा?"

"अगं, दाढीचा! तो गोल. आरशाशिवाय कशी गेलीस तू तिथं? हे तर कधी जायचे नाहीत. भिंतीला टेकून ठेवायचे मागं, आणि त्यात बघून करायचे सगळं. मी म्हणायची, काय हो, नटसुद्धा नटायला बसतात वाटतं तुमच्याकडं." आई उठली. कपाट उघडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. "घे. मी आत ठेवला होता. बघवेना रोज."

छोटा, वाटीएवढा आरसा होता, एका कडेला पारा उडालेला. तिनं तो बाटलीमागे सरकवला, भिंतीला टेकवला, आणि मान जराशी कलती केली. आधी स्वतःचा एक डोळा दिसला, लाल. मग तिनं आरसा अंगठ्यानं थोडा कलता केला, आणि त्यात नटाची मागची बाजू आली. त्या बाजूवर उ होता. सरळ, सुबक, पोटाला नेमका बाक दिलेला, शेंडीला किंचित जाड, छापील पुस्तकात असतो तसा उ. आणि बाण उजवीकडे जात होता.

ती हलली नाही. श्वास धरून पाहत राहिली. मग हळूहळू, चित्र धुऊन निघतं तसं, सगळं वर आलं. हा नट इतरांसारखा नाही. तो भिंतीच्या बाजूनं येऊन बाटलीवर, म्हणजे इकडच्या दिशेनं, चढतो. म्हणजे भिंतीत उभं राहून बघणाऱ्याला तो डावीकडे सैल होतो. इकडे, समोर पडलेल्या माणसाच्या हाताला उजवीकडे. हात सवयीनं डावीकडेच जाणार, जाणारच, म्हणून तर खूण केली. आणि खूण करणाऱ्यानं ती भिंतीसाठी केली नव्हती. इथं पडून, आरशात बघणाऱ्यासाठी केली होती, म्हणजे आरशात दिसतं तसं हातानं करायचं, डोक्यानं काही उलटवायला नको. तिचा फोन भिंतीच्या जागी जाऊन बघून आला, आणि ती मात्र इकडेच होती. डाव्याचं उजवं कधी न करणारीनं तेच केलं होतं. चार बोटांच्या अंधारात, पाठीवर पडून, नखाएवढ्या जागेवर, आरशात बघत, त्यांनी एक अक्षर उलटं काढलं होतं, इतकं सुंदर, की त्यात थरथर नव्हती.

"आई," ती म्हणाली. "बरोबर लिहिलंय गं."

"मग? तुला काय वाटलं?"

ती बाहेर आली नाही. बेसिनखालून बोलणं सोपं होतं, तिथं तोंड दिसत नाही. "मला वाटलं, त्यांना कळत नव्हतं. त्या दिवशी. म्हणून मी…"

आई कमोडच्या बंद झाकणावर बसली. झाकण करकरलं. "माझी बाटली घेतली होती त्यांनी," ती म्हणाली. "नखांना लावायची, लाल. कुणाच्या लग्नाला म्हणून आणली होती, एकदा लावली असेल. म्हणाले, दे, उद्यापरवा मला आठवायचं नाही हा कुठल्या बाजूला फिरतो ते. आत्ता आठवतंय तोवर लिहून ठेवतो. म्हणाले, मी विसरलो तरी आरसा घेऊन बसेनच, तेवढं हाताला राहील. मग वाचेन."

वर कुठंतरी, वरच्या मजल्यावर, कुणीतरी पाणी सोडलं. ते भिंतीतून खाली गेलेलं ऐकू आलं.

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"विसरणार हे? पक्कं. तुझ्या डॉक्टराच्या आधीपासून. गॅसचं तू म्हणालीस ते खरंच होतं बाई, दोनदा नाही, चारदा राहिला होता, मी तुला दोनदाच सांगितलं. पण बेसिनचं खरं नव्हतं." आईनं पाय जरा मागं घेतले. "आणि ती बादली माझ्या पायानं कलंडली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तू अशी ओरडत होतीस, आणि हे खालून बाहेर येता येता मला डोळ्यांनी गप्प म्हणत होते. मी रात्री भांडले त्यांच्याशी. म्हटलं, पोरगी हत्यारं घेऊन गेली आणि तुम्ही मुकाट दिलीत? तर म्हणाले, असू दे. दुखण्यावर तिचा हात चालत नाही, पेटीवर तरी चालू दे."

ती नटाकडे बघत राहिली. आरशातला उ आता जरा हलत होता, पण ते अक्षर नव्हतं, तिचा अंगठा होता. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की बाबांची हुशारी हातात आहे. लोकही तसंच म्हणायचे. आज पहिल्यांदा तिला दिसलं की हात ही नुसती शेवटची पायरी होती. जो स्वतःच्या विसरण्याकडे इतक्या शांतपणे बघू शकतो, एखादी जुळवलेली ओळ तपासावी तसं, आणि पुढं येणाऱ्या त्या विसरलेल्या म्हाताऱ्याला अडचण होऊ नये म्हणून त्याच्यासाठी नीट, वाचता येईल असं लिहून ठेवतो, आणि त्याच दुपारी, ते करत असतानाच, अंगावर ओरडणाऱ्या मुलीच्या हातात मुठीकडून पाना देतो, त्या माणसाबद्दल तिनं आठ महिने पुरावा शोधला होता. पेटी नेली म्हणून खचले, की खचत होते म्हणून नेली? दोन्ही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही त्यांनी आधी वाचलेलं होतं.

तिनं नट उजवीकडे फिरवला. तिनंच आवळून ठेवलेला, त्यामुळं आधी पाना लागला. मग तो हातानं सुटला. नळी निघाली. आत चिकट, काळपट, बोळ्यासारखं काहीतरी होतं, साबणाचं, केसांचं, दाढीच्या बारीक पांढऱ्या खुंटांचं. तिनं ते तारेनं ओढून बादलीत टाकलं. त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. नळी घासली, रबराला तेल लावलं, सगळं होतं तसं बसवलं. "सोड पाणी," ती म्हणाली, आणि आईनं नळ सोडला. पाणी सरळ गेलं, अडखळलं नाही, घुटका घेतला नाही. आणि मग नटाच्या कडेवर एक थेंब आला. मोठा झाला. पडला. तिनं बोट फिरवलं. नटाला केसाएवढी चीर होती, कडेपासून निघून थेट बाणाच्या मधोमध गेलेली. टक् झालं होतं ते हे होतं.

"फुटला?" आई म्हणाली.

"मी फोडला."

आई हो म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. "नवीन आण मग," ती म्हणाली. "दुकान एकपर्यंतच उघडं असतं."

दुकानदारानं जुना नट हातात घेऊन फिरवला, लाल अक्षराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "ताई, हल्ली सुटं काही येत नाही हो. अख्खी बाटलीच घ्यावी लागते." ती उभीच राहिली. मग तो सुस्कारा टाकून मागं गेला आणि एक गंजका डबा घेऊन आला. त्यात नट होते, वेगवेगळ्या वयांचे. चौथा बसला. "ही चित्रकला कुणाची?" त्यानं विचारलं. "माझ्या वडिलांची," ती म्हणाली. तीन आठवड्यांत हे शब्द तिनं पहिल्यांदा न अडखळता उच्चारले.

लाल बाटली आईला सापडली. आतला रंग घट्ट झाला होता, पण बुडाशी थोडा ओला होता. नवीन नट तिनं टेबलावर ठेवला, समोर आरसा उभा केला आणि ब्रश उचलला. पहिला उ तिनं सवयीनं सरळ काढला. आरशात तो पाठ फिरवून उभा राहिला. कापसानं पुसला. दुसऱ्यांदा तिनं आरशात बघत काढायचं ठरवलं, तर हात डोळ्यांचं ऐकेना. डोळे म्हणायचे इकडे, हात जायचा तिकडे. पोटाचा बाक बाहेर पडला. पुन्हा पुसला. दिवसाला किती ओळी जुळवायचे ते, तिनं कधी विचारलं नव्हतं. इथं टेबलावर, उजेडात, खुर्चीत बसून, एक अक्षर येत नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं आरसा बाजूला केला, डोळे मिटले, आणि ते अक्षर आपल्याकडे पाठ करून उभं आहे अशी कल्पना केली. मग उघडले आणि एका दमात काढलं. बाण काढला. फुंकर घातली. वाळल्यावर ती परत बेसिनखाली गेली, नट चढवला, हातानंच आवळला. या वेळी डावीकडे.

"बघू," आई म्हणाली. ती फरशीवर बसली, तिला बसायला वेळ लागला, मग तिनं आरसा भिंतीला टेकवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मान कलती करून बराच वेळ आत बघत राहिली.

"अक्षर यांच्यासारखं नाही," ती म्हणाली. "पण वाचता येतंय."